डिकीतली घरघर

२ जून २००७
रुहीच्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं! आज मी चालवली. घूं — घूं — घूं. लय धरून, सीटमधून पार माकडहाडापर्यंत. पोरगी रोज हीच गाडी शाळेत नेते आणि तिला काही जाणवत नाही? इथे ट्रॉयमध्ये, मोटारकंपनीत, सगळ्यांच्या गाड्यांतली घरघर-खडखड शोधून काढणं हा माझा धंदा. आणि माझ्याच दारात असली गाडी!

३ जून
चाक काढलं. बेअरिंग नवंकोरं. वैतागलो. रुही सीरिअलचा बाउल घेऊन बाहेर आली, बघत राहिली. मग आत हात घालून किल्ली फिरवली. उभ्या गाडीतून घूं — घूं!

गाणं आहे म्हणे. डबस्टेप. लंडनचं. डिकीत मैत्रिणीकडून भलामोठा स्पीकर बसवून घेतलाय. ती हसत हसत ड्राइव्हवेवर बसलीच. उत्तरा संसार सोडून शिकागोला गेल्यापासून या घरात कुणी असं हसलं नव्हतं. मी नाही हसलो. हसायला हवं होतं.

१० जून
याला संगीत म्हणतात! चाल नाही, गळा नाही. ड्रम मनात आलं तर वाजतो, मध्ये नुसती पोकळी, आणि मग खालून गुरगुर. मी गाडीतून जे हाकलतो ते हे लोक मुद्दाम बनवतात. नंबरप्लेट थडथडते. शेजारच्या प्रल्हादरावांनी विचारलं, ट्रान्सफॉर्मर उडाला का.

रुहीला विचारलं, यात ऐकायचं काय?
"यू डोन्ट लिसन टू इट, बाबा. यू स्टँड इन इट."
डोंबल!

२१ जून
उत्तराचा फोन. शाळेचं शेवटचं वर्ष रुही इथे करणार की तिच्याकडे, ते ऑगस्टमध्ये रुहीच ठरवेल. तिला रेटू नकोस म्हणाली. मी कशाला रेटतोय?
पण तिने राहावं. फार वाटतं.

८ जुलै
रुही लायब्ररीत कामाला गेली होती. डिकीतला तो गुरगुरणारा स्पीकरचा डबा काढला, वायरी नीट टेप करून ठेवल्या, डबा तळघरात. एक चक्कर मारून आलो. काय शांतता! कंपनीतल्या पोरांना दाखवावी अशी.

संध्याकाळी तिने गाडी सुरू केली. मग बंद केली आणि उतरली. आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होतो.
"यू फिक्स्ड इट," ती म्हणाली. "इट वॉझन्ट ब्रोकन."
एवढंच. उत्तराही जाताना ओरडली नव्हती.

१५ जुलै
जेवताना रुहीला डबा परत बसवून देऊ का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. त्या भिकार आवाजापुढे मी काय म्हणून नमायचं?

१९ ऑगस्ट
उत्तरा येऊन तिला घेऊन गेली. गाडी नको म्हणाली रुही. किल्ली फ्रिजवर ठेवून गेली.

२० ऑगस्ट
आज ऑफिसला तिची गाडी काढली. सीडी आतच होती. लावली. टिक. टक. मध्ये सगळं रिकामं. सिग्नलला थांबून वाट बघत होतो — आता येईल खालून, आता येईल. मग आठवलं, तो डबा तळघरात आहे.
तिथूनच गाडी घरी वळवली.