दूध केंद्रावरचे दुकान कोणाचे

मी, गावच्या बंद पडलेल्या दूध केंद्रावर पूर्वी दूध मापून घेणारी बाई आणि आता त्याच जागेतल्या रस्त्याकडेच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. माझी जाऊ मात्र न तपासताच उलटे सांगत फिरते. दोघांपैकी डॉक्टरांचे मानावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

कलम एक: दुकान. आधी तेच, कारण वाद झालाच तर त्यावरून होणार. केंद्राची मी पुढे विकत घेतलेली इमारत, दुधाच्या जुन्या कॅनची केलेली स्टुले, भिंतीवरच्या काचेच्या बाटल्या, लोणी काढायचे हाताने फिरवायचे यंत्र, पत्र्याची निळी पाटी आणि खरखरणारा रेडिओ, हे सगळे मी माझ्या सुनेला देते.

इथे वकीलबाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, तुमच्या मुलाचा घटस्फोट झालाय, कायद्याने त्या आता तुमच्या कोणी लागत नाहीत. मी म्हटले, "त्यानं बायको सोडली असेल, मी सून सोडलेली नाही." पण खरे सांगते, त्या दिवसापासून मला धास्ती लागली. माझ्यामागे मुलाने भांडण काढले आणि तिला बाहेर पडावे लागले, तर तिला जायला दुसरी जागा नाही.

तिलाच का, तेही लिहून ठेवते. केंद्र बंद झाले तेव्हा दारावर नोटीस लागली. सगळ्या गावाने ती वाचली, हळहळ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाव नेहमीच्या रांगेत दूध घेऊन हजर. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप वळले. मी तरी काय शहाणी? दार उघडले, एकेका कॅनचे झाकण काढून वास घेतला, दूध मापले आणि टाकीत ओतत गेले. टाकी काठोकाठ भरल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आले की दूध न्यायला गाडी आता येणारच नाही. आणि कोणाचे दूध कोणते, ते आता वेगळे कसे करणार?

मी कपाळावर हात मारून घेतला. सूनबाई तेव्हा नवऱ्याने सोडल्याच्या दुःखात कोणाशी धड बोलतही नव्हती. ती उठली, मोठाली पातेली चुलीवर चढवली, आणि दूध उकळल्यावर कॅनचे झाकण घेऊन थेट रस्त्यावर उभी राहिली. झाकणावर पळी बडवत ट्रक थांबवू लागली. गरम दूध प्या, अख्ख्या गावाचे एकत्र आहे, असे म्हणायची. ड्रायव्हर हसतच खाली उतरायचे. संध्याकाळी टाकी रिकामी झाली आणि सूनबाई पायरीवर बसून पोट धरून हसली. किती दिवसांनी! दुकान त्या दिवशी सुरू झाले. ती त्याला कॅफे म्हणते. म्हणू दे.

कलम दोन: दुधातले पाणी ओळखायचा माझा लॅक्टोमीटर मी माझ्या जावेला देते. का, ते तिला बरोबर कळेल. घरी पाहुणे आले की तिच्या गायीचे दूध नेमके वाढायचे. आता ती रोज दुकानात खिडकीजवळ बसून फुकट दूध पिते आणि वर नावे ठेवते. ते तसेच चालू ठेवावे. तिच्यावाचून मला एक दिवस करमत नाही, पण हे वाक्य मी गेल्यावरच तिला वाचून दाखवावे, नाहीतर डोक्यावर बसेल.

कलम तीन: रेडिओ दुरुस्त करू नये. एकदा केला होता, तर गिऱ्हाइके विचारू लागली की आवाज असा का येतोय. पूर्वी केंद्रावर दूध घालणाऱ्या घरातले कोणी म्हातारे माणूस आले, तर बसलेल्याने उठून स्टूल द्यावे, मग तो कितीही मोठ्या गाडीतून उतरलेला असो.

कलम चार: राहते घर मी मुलाला देते. त्याला संसार जमला नाही, पण सुट्टीला येतो, मुकाट्याने कपबशा विसळतो, आणि हल्ली सूनबाईशी चार शब्द नीट बोलतो. माझा राग बराच निवळला आहे.

कलम पाच: हे आज वाढवले. मुलाला समोर बसवून वरचे सगळे वाचून दाखवले. दुकानाचे कलम त्याने मला पुन्हा एकदा वाचायला लावले. मग विचारले, साक्षीदार कोण. डॉक्टर, आणि वकीलबाईंचा कारकून, मी सांगितले. तो म्हणाला, कारकून नको, मी सही करतो. वकीलबाईंनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, घर हातचे जाईल, आणि उद्या दुकानावरून भांडायलाही तोंड उरणार नाही.

"म्हणूनच तर करतोय," तो म्हणाला. "उद्या माझीच बुद्धी फिरली तर? तिला एकदा बाहेर काढलंय मी. दुसऱ्यांदा माझ्या हातून व्हायला नको. आई, घरही तिलाच लिहून दे."

म्हणून कलम चार रद्द, घरही सूनबाईला. ती मागे अंगणात भांडी उन्हात वाळत घालते आहे, तिला यातले काही ठाऊक नाही. मी पोटभर रडले, आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी गेल्यावर मुलाला माझ्याकडून आता काहीच मिळणार नाही. तेव्हा जे काय द्यायचे ते जिवंतपणीच द्यायला हवे. सह्या उरकल्या की दूध तापवते. साय त्याची.

स्थळ: दुकानाचे स्वयंपाकघर
दिनांक: सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस

लिहून देणारी: सही, अक्षर वाकडे आले तरी माझीच

साक्षीदार पहिले: गावचे डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा मुलगा, सही