लाल-काळ्या कपड्यांचा मोर्चा

सोमवार, ३ मार्च
ओढ्याचं पाणी पुन्हा पिवळं. वर रानात चोरून सोनं काढणाऱ्यांनी आणखी एक पोकलेन उतरवलंय. आई रडकुंडीला आलीय. या पाण्यात शिजवलेले केंकेचे आंबट मक्याचे गोळे गिऱ्हाइकं हुंगतात आणि परत ठेवतात. ओढा गेला की तिचा धंदा गेला. गाव मात्र ढिम्म. मेंढरं नुसती!
संकल्प : शनिवारी मोर्चा. निषेध म्हणून सर्वांनी लाल-काळे कपडे घालावेत. पोस्ट टाकली. कुमासी शहरापासून लंडनपर्यंत लाइक.

बुधवार, ५ मार्च
सेरवा मावशी येऊन डोकं खाऊन गेली. बाजारातल्या बायकांची पुढारी, महा तोंडाळ. विचारते, तुझी पोस्ट पोकलेनवाल्याला दिसते का रे? म्हटलं, मावशी, याला चळवळ म्हणतात. तर म्हणे, चळवळीत माणूस जागचा हलतो ना, की तुझी बसूनच असते? चल आमच्याबरोबर, मशीनपुढे जाऊन बसू.
उन्हात बसायचं? फोन तापतो. अडाणी बाई.

शनिवार, ८ मार्च, सकाळ
जिंकलो! खिडकीतून बघतो तर रस्ताभर लाल-काळे कपडे. ढोल, तंबू, खुर्च्या! लाइव्ह चालू करून धावलो. खुर्चीवर चढलो, माइक ओढून घेतला आणि गरजलो, याला जबाबदार कोण? खुनी कोण?

दुपार
मयत होतं. म्हाताऱ्या हेडमास्तरांचं. जावयाला वाटलं मी त्यालाच खुनी म्हणतोय. शर्टाची तीन बटणं गेली.
आई म्हणाली, अरे, शनिवारी लाल-काळे घालून आपल्याकडे मयताशिवाय दुसरं काय असतं? हे तिने आधी सांगायला हवं होतं. शनिवार निवडण्यात माझी चूक नाही, हेडमास्तरांचीच घाई झाली. व्हिडिओत गर्दी मात्र झकास दिसते. काढणार नाही.

सोमवार, १० मार्च
बाजारातल्या पोरी विचारतात, बेडियाकोदादा, पुढचा मोर्चा कुणाच्या मयताला? सेरवा मावशी तर हसता हसता खाली बसली. आईने जेवायला वाढताना फुफूचं भांडं पुढ्यात आदळलं.
संकल्प : या कृतघ्न गावासाठी काडीही हलवायची नाही. लाल कपडा दिसला की खिडकी बंद.

मंगळवार, १८ मार्च, सकाळ
पुन्हा लाल-काळे! पुन्हा ढोल! आज मंगळवार, तरीही. या लोकांना मरायलासुद्धा काळवेळ नाही. खिडकी लावली.
दार वाजलं. आई होती. म्हणाली, चल लवकर, फोन घे. पुन्हा माझी शोभा करायची असणार. आतूनच ओरडलो, दुःखात सहभागी आहे, पण कामात आहे.
पोस्ट लिहिली : हे गाव जागं कधी होणार?

संध्याकाळ
आई चिखलाने माखून आली. कपाळावर टेंगूळ. मयत नव्हतं. निषेधाचे लाल-काळे कपडे घालून सगळ्या बायका पालथ्या बादल्यांवर पोकलेनपुढे बसल्या होत्या. दुपारपर्यंत मशीन बंद. मग खाणवाल्यांनी लाठ्या काढल्या. सेरवा मावशीचा हात मोडला.
पोलीस चौकीत विचारलं, पुरावा काय? बायकांकडे साधे बटणांचे फोन. खाणवाले म्हणाले, आम्ही तिथे नव्हतोच, या बायकाच भांडखोर. सुटले. उद्या मशीन परत येणार.
म्हटलं, मला सांगायचं तरी! आई म्हणाली, दार कशाला वाजवलं होतं? सेरवाच म्हणाली, त्याला बोलवा. भाषण नको, बसणं नको, नुसता फोन धरू दे. तेवढं त्याला छान जमतं.
लाज वाटते.
सकाळच्या पोस्टला आजवरचे सर्वांत जास्त लाइक आलेत. आई चुलीपाशी बसून उद्याच्या केंकेसाठी पिवळं पाणी फडक्याने गाळतेय. फडकं लाल आहे, सकाळी डोक्याला बांधलेलं.