चंद्राच्या भेगा न बुजवण्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम तपासणी अधिकारी,
तारांगण इमारत, तळमजला.

विषय : बर्फाचा चंद्र सोमवारी पाडू नये आणि माझं नाव गवंड्यांच्या यादीतून खोडू नये, ही विनंती.
संदर्भ : पाडकामाचा आपला कालचा आदेश, आणि नाव खोडण्याची आपली तोंडी ताकीद.

महोदय,

१. मी सव्वीस वर्षं गिलावा करतो. तारांगणाच्या बाईंनी मला गुरू ग्रहाच्या एका चंद्राचा फोटो दिला आणि दोन पुरुष उंचीचा तसाच गोळा करायला सांगितला. वरून सगळा बर्फ, खड्डे अगदी मोजके, पण अंगभर तपकिरी भेगा. जन्मभर भेगा बुजवलेला माणूस मी, आता मुद्दाम भेगा पाडायला बसलो. बायको म्हणाली, "स्वयंपाकघरातली भेग तीन वर्षं बुजवली नाहीत, आणि चंद्राला पाडायला चार महिने सवड आहे होय!"

२. पहिल्या तपासणीत आपण 'काम भेगाळलेले' असा शेरा मारला. साहेबांचा शब्द खाली पडू नये म्हणून मी एका दिवसात सगळ्या भेगा लिंपल्या. सकाळी बाई आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. "दादा, हा चंद्र नाही, सोललेलं अंडं आहे!" मी भेगा पुन्हा कोरल्या.

३. दुसऱ्या खेपेला आपण पेनाने ठोकून पाहिलंत आणि म्हणालात, "पोकळ वाजतंय." बाई हरखून गेल्या. "बरोबरच आहे साहेब, बर्फाखाली अख्खा खारा समुद्र आहे!" आपण लगेच लिहिलंत, 'आत पाणी साचले आहे, निचरा करावा.' मी दक्षिण ध्रुवाला नळी बसवली. शिपाईमामा रोज तिच्याखाली बादली ठेवतात आणि रोज कोरडीच उचलतात.

४. तिसऱ्या खेपेला तपकिरी रेघा पाहून आपण 'गंज' लिहिलंत. आत सळई नाहीच, साहेब. आहे तो बांबू.

५. आता मुद्द्याचं. आदेशात 'चंद्र' हा शब्द कुठेच नाही. 'तळमजल्यावरील भेगाळलेले, पोकळ वाजणारे, आत पाणी असलेले, तपकिरी डागांचे बांधकाम पाडावे' एवढंच आहे. आपल्या खुर्चीमागच्या भिंतीला छतापासून फरशीपर्यंत भेग आहे. ठोकली की पोकळ वाजते. आत पाइप गळतो, हात लावला की ओला होतो. डाग तर आपण कॅलेंडरने झाकलेतच. त्या भिंतीवर आपलाच 'काम उत्तम' असा शिक्का आहे.

६. पाडकाम करणारा माझा सख्खा मेहुणा आहे. मनाने सोन्यासारखा, पण कागदाबाहेर एक घाव घालत नाही. दारातून आत आलं की आधी आपली खोली लागते, चंद्र नंतर.

तरी आदेश रद्द करून चंद्रालाही भिंतीसारखाच शिक्का द्यावा. ते जमत नसेल, तर सोमवारी सकाळी खुर्ची तेवढी पुढे ओढून बसावं. आपल्या जिवाची काळजी वाटते म्हणून आधी कळवलं.

आपला नम्र,
चंद्रवाला गवंडी
शनिवार, जेवणाच्या सुट्टीत

सोबत : फोटो दोन. एक चंद्राचा, एक आपल्या भिंतीचा. कुठला कशाचा ते मागे लिहिलं आहे, कारण माझीही गफलत होते.