बादली ओतून पाहणारी बाई

तोसोर,
१० जुलै १९९८

ती. दादास,
बेगिमाईचा सा. न. वि. वि.

बिश्केकच्या बसचा ड्रायव्हर चाक बदलतोय, तेवढ्या वेळात हे खरडते आहे, पत्र त्याच्याच हाती देईन. अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं तरी कुठं मोत्यासारखं आहे!

यंदा जर्दाळू असा लगडलाय की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आबा सकाळीच सडकेवर दुकान मांडून बसतात. दुकान तेच, दोन खोक्यांवर टाकलेली फळी, वर पत्रा आणि समोर भरलेल्या बादल्या. सरोवरावर पोहायला निघालेल्या मोटारी थांबतात. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की आबांचं ठरलेलं उत्तर, घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढच्या गावात जाऊन आंबट खा. तोंड शाबूत आहे, गुडघे मात्र पार गेलेत. उठताना माझा खांदा लागतो, आणि तो खांदा आता सप्टेंबरात लग्न होऊन काराकोलला चाललाय.

आता खरं सांगते. तुमच्या बिश्केकचा एक गृहस्थ येऊन गेला. त्याला पाण्याकाठी उतारूंसाठी मोठं घर बांधायचंय, म्हणजे बाग तोडायचीय. आबांनी त्याला हाकललं नाही रे, चहा पाजला! हंगाम संपला की कळवतो म्हणाले. मी जेवताना विषय काढला, तर म्हणाले, ज्याच्यासाठी लावली तो गेला, आता मी काय झाडांना गोष्टी सांगत बसू? तुझं नाव नाही घेतलं. तू लग्न केल्यापासून घेतलेलंच नाही. बार्सकोनच्या मित्राला त्यांनी त्याच्या मुलीसाठी शब्द दिला होता, आणि तू परस्पर लग्न करून मोकळा झालास. तेही काडीमोड झालेल्या, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बातकेनच्या बाईशी. ते काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

माझ्या दारात उभा राहू नकोस, असं ते म्हणाले होते खरं. पण आईही नाही आता. तूच काहीतरी कर. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. वहिनीला न पाहताच नमस्कार.

तुझी,
बेगिमाई

———

बिश्केक,
१६ जुलै १९९८

चि. बेगिमाई हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं आणि कारखान्यात वेल्डिंग करताना बोट भाजून घेतलं. मी आलो तर काय होईल ते तुलाही ठाऊक आहे. आबा दार लावतील, मी तोंड उघडीन, आणि जे थोडं शिल्लक आहे तेही जाईल. आम्ही दोघं एकाच मातीची मडकी.

तुझ्या वहिनीला, सादातला, सांगायचं नव्हतं, पण तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. पत्र वाचून म्हणाली, तुम्हाला दार बंद आहे ना? मग मी दुकानावर जाते. सडक सरकारची आहे, जर्दाळू विकत घ्यायला कुणालाही मुभा आहे, आणि त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, अगं, पण बोलणार काय? तर म्हणे, जर्दाळूबद्दल बोलीन. बातकेनच्या माणसाला त्या विषयावर शब्द कमी पडत नाहीत.

फक्त बघून येते, ओळख देणार नाही, असं कबूल केलंय. ती कबूल केलेलं पाळतेच असं नाही, हे मी तुला भाऊ म्हणून सांगतो. बुधवारच्या बसनं निघेल. हिरवा रुमाल असेल. तू अनोळखी असल्यासारखी वाग, आणि हसू नकोस. लहानपणी लपाछपीत तू हसूनच मला पकडून द्यायचीस.

काय होईल ते लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझा दादा,
तालाय

———

तोसोर,
२३ जुलै १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी घाम पूस. सगळी जिवंत आहेत.

काल दुपारी बसमधून हिरवा रुमाल उतरला. मी खाली मान घालून जर्दाळू निवडत बसले. वहिनी आल्या, एक बादली उचलली आणि काही न बोलता सगळी फळीवर ओतली! आबा ताडकन म्हणाले, ए बाई, हे काय चाललंय? त्या शांतपणे म्हणाल्या, वर गोमटी आणि खाली सडकी तर नाहीत ना, ते पाहते. आमच्या बातकेनात अशीच पद्धत आहे. त्यावर आबा म्हणाले, मग तुमच्या बातकेनात सगळे चोरच राहत असतील.

आता भांडण पेटणार असं मला वाटलं, तर त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, चोर असतील, पण जर्दाळू पिकवावा आम्हीच. तुमचा इथं लाजून लाल व्हायला लागतो तोवर आमचा वाळून पोत्यात गेलेला असतो. आबा म्हणाले, घाईची फळं आणि घाईची लग्नं, दोन्ही नासतात. त्यांनी एकेक फळ हळूच, देठ दुखावणार नाही असं बादलीत परत रचलं, एक तेवढं खाल्लं, बी दगडानं फोडली आणि म्हणाल्या, फळ आंबूस आहे, पण बी गोड आहे हो, आजोबा. आबांना हसू आलं. मिशीत दाबलं, पण मी पाहिलं.

तेवढ्यात दोन मोटारी थांबल्या. माणसं उतरून एकदम कलकलाट करायला लागली. आबा गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत वहिनी फळीमागे गेल्यासुद्धा. एका जाड्या बाईनं नाक मुरडलं, ही लहानच दिसतात. वहिनी तिला म्हणाल्या, मावशी, मोठी हवीत तर कलिंगड घ्या! सगळे हसले आणि बाईनं दोन बादल्या घेतल्या.

गाड्या गेल्यावर आबांनी त्यांना खोक्यावर बसवलं, चहा ओतला आणि विचारलं, पोरी, जीभ तिखट आहे पण हात चांगला आहे. कुणाच्या घरची सून तू?

वहिनींनी पेला खाली ठेवला. उठल्या, रुमाल कपाळावर ओढला आणि सासऱ्याला करतात तसा तीनदा वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, तुमच्याच. मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण तुमचा चहा पिऊन खोटं बोलवेना.

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. मग काठी घेतली आणि घराकडे चालू लागले. वहिनी मला म्हणाल्या, परतीची बस केव्हा आहे गं? मी रडायच्या बेतात. तेवढ्यात आबा फाटकापाशी थांबले आणि मागं न बघताच म्हणाले, थोड्या वेळानं ऊन त्या बाजूनं येतं. बादल्या सावलीत ओढून घे. आणि आत गेले.

दादा, त्यांनी मला नाही सांगितलं, मी तर रोजच ओढते. वहिनींना सांगितलं.

त्या इथंच आहेत. आज सकाळपासून दोघांचं बी फोडून राखेत भाजावी की नुसती खावी यावर वाजलंय. तुला पाठवायला मी निरोप मागितला, तर आबा म्हणाले, माझं मी लिहीन, मला हात आहेत. तेव्हा वाट पाहा.

तुझी (एकदाही न हसलेली),
बेगिमाई

———

तोसोर,
२७ जुलै

चि. तालाय यास आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघे दुखतात, ते दुखायचेच.

तुझी बायको इथं आहे. माल संपेपर्यंत जाणार नाही म्हणते. मी तिला थांब म्हटलेलं नाही आणि जा असंही म्हटलेलं नाही. तिचा स्वयंपाक तिखट असतो. दोनदा वाढून घेतला, कारण अन्न टाकू नये.

बार्सकोनला जाऊन आलो. मित्राला म्हटलं, शब्द माझा होता, मोडला मुलानं, आणि सून मला आवडली, आता तुला काय करायचं ते कर. तो म्हणाला, माझी पोरगी केव्हाच सासरी सुखात आहे, दुसरं मूल झालं, तू कुठल्या जगात राहतोस? मग आम्ही चहा प्यालो.

तो बाग मागणारा गृहस्थ परवा आला होता. देत नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं, ते सांगितलं नाही. त्याला काय करायचंय?

पाण्याकडच्या ओळीतल्या झाडांची फळं अजून उतरवायची आहेत. बेगिमाई चढते, पण तिच्या लग्नाआधी मला तिचा पाय मोडून घ्यायचा नाही. रविवारी ये. बिश्केकचे कपडे घालून येऊ नकोस, काम आहे.

आणखी पुष्कळ लिहायचं मनात होतं, पण सडकेवर मोठी बस थांबली आहे आणि सून हाका मारते आहे.

तुझा बाप