मशीन फार आवाज करतंय

४ तारीख, सोमवार
नव्या नोकरीच्या गावी आज दाखल झालो. ऑफिसातले चाळीस कॉम्प्युटर आता माझ्या जिवावर चालणार, म्हणजे देवच वाली. उतरलोय वहिनीकडेच. दादाला जाऊन आठ महिने झाले, त्याची खोली तिनं मला मोकळी करून दिलीय. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं, आणि टेबलावर दादाचं मशीन. एकेक भाग आणून त्यानं स्वतः जोडलेला कॉम्प्युटर. पाच पंखे, आणि प्रोसेसर झेपेल त्याहून जास्त वेगानं पळवलेला. अति तिथं माती, हे दादाला कधी पटलंच नाही. शेजारी त्याची तापमानं टिपायची वही होती. बरीच पानं कोरी दिसली, म्हणून ही रोजनिशी तिच्यातच सुरू केली.

५ तारीख
मशीन फार आवाज करतं. पंखे चढतात, उतरतात, परत चढतात. वहिनी शिक्षिका, घरी आली की याच खोलीत मुलांच्या वह्या तपासत बसते, आणि मशीन दिवसभर चालू. म्हणाली, राहू द्या भावजी, ते चालू असलं की हे घरात आहेत असं वाटतं. मी म्हटलं, बंद नाही करत, फक्त हळू बोलायला शिकवतो.

६ तारीख
दुखणं सापडलं. प्रोसेसर जरा तापला की पंखे धावत सुटायचे, गार झाला की दम खायचे. प्रोसेसरचा वेग उतरवला, पंख्यांची चढ-उतर सावकाश केली, एका सैल पंख्याखाली रबर घातलं. खोली एकदम शांत. स्वतःवर खूश होऊन चहाची फर्माईश केली, तर वहिनी धावत आली आणि मशीनच्या कॅबिनेटवर हात ठेवून उभीच राहिली. बंद पडलं का, विचारलं. नाही म्हटलं तरी जेवली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

८ तारीख
आवाज परत आलाय. सेटिंग जसंच्या तसं. पंख्याच्या मध्यावर बोट टेकवून एकेक थांबवत गेलो, खडखडणारा पंखा आम्ही असाच पकडतो. पाचही थांबवले. आवाज चालूच.
शेवटी पाचही काढून टेबलावर ओळीनं ठेवले. प्लग काढला.
चढतो. उतरतो. चढतो.
वहिनी आज दोन घास जास्त जेवली.

९ तारीख
आवाज ओळखीचा आहे. गेल्या वर्षी दादा फोनवर म्हणायचा, मशीन फार आवाज करतंय रे, येऊन बघ जरा. मला फोनमधूनसुद्धा ऐकू यायचा. धूळ झटक, वेग उतरव, एवढं सांगून मोकळा व्हायचो. येतो, येतो करत सहा महिने काढले.
आज हे वहिनीला सांगितलं. तिनं लाल पेन खाली ठेवलं. म्हणाली, तेव्हा मशीन बंदच होतं. यांना खुर्चीत बसवत नव्हतं. तो आवाज यांच्या छातीचा होता. सरळ ये म्हणायला लाजायचे.
मी त्याला धूळ झटकायला सांगितलं.

११ तारीख
आवाज मंदावलाय. मध्येच थांबतो. वहिनीचे खांदे त्याच्याबरोबर वर येतात, त्याच्याबरोबर खाली जातात. तिला सांगितलं तर म्हणाली, आठ महिने असंच चाललंय, सवय झाली.

१२ तारीख
वही मागे चाळली. दादाच्या अक्षरात तापमानं. त्याच्या शेवटच्या पानावर वहिनीचं अक्षर, नुसते आकडे. सात. बारा. एकोणीस. सव्वीस. चाळीस. पुढे काही नाही.
दादाच्या दोन श्वासांमधलं अंतर, सेकंदांत. त्या शेवटच्या दुपारी ती मोजत बसली होती.

१३ तारीख, दुपार
पंखे परत बसवून प्लग लावला. एकही फिरत नाही.
अंतर बारा. मग एकोणीस— वहिनीला उठवायला गेलो, कॅबिनेटवरचा हात काढेना. हात गार. डॉक्टरांना फोन केलाय, निघालेत. दार उघडं ठेवलंय.
सव्वीस— म्हणाली, लिहा भावजी, यांना नोंद लागते. तेव्हा मी होते, आता तुम्ही—
डावा हात तिच्या पाठीवर. खांदे वर येत नाहीत—
दादा, आलोय मी. उशिरा का होईना, आलोय. घे ना रे श्वास. तिला तरी
तीस. चौतीस. वहिनी—
सदतीस
अडतीस
एकोणचा