कल्पेशच्या नावाचे दोन पास

शुक्रवार, २६ एप्रिल २०१३

कुरियरवाल्याने विचारलं, "कल्पेश नाखवा इथेच राहतात ना?" मी म्हटलं, घरी नाहीत. "कधी येतील?" आता काय सांगणार त्याला! सही केली आणि दार लावून घेतलं.

पाकिटात दोन पास. 'तारकापार चाहता मेळावा. प्रमुख पाहुणे सेनापती रुद्रक – म्हणजेच आपले लाडके कुमार आजगेकर. रविवार १२ मे, सकाळी दहा, पनवेल.' दिवाळीच्या आधी नाव नोंदवून ठेवलं होतं त्याने. मी तेव्हा पोट धरून हसले होते. अडतीस वर्षांचा घोडा, बोटीवर इंजिनाचा ड्रायव्हर, आणि शाळेत असताना रविवारी सकाळी टीव्हीवर बघितलेल्या सेनापतीला भेटायला जाणार. दुसरा पास कोणाला, असं विचारलं तर म्हणाला, "तुला नाय. आपल्या पोरीला, विनिताला."

२ डिसेंबरला पाच महिने होतील. म्हणजे २ मेला. काय लिहितेय मी. २ डिसेंबरला तो गेला. करंजा बंदराच्या बाहेर बोट नांगरून भरतीची वाट बघत सगळे झोपले होते. सकाळी आठ खलाशी उठले, हा नाही. चपला जागेवर, मोबाइल जागेवर. तोल गेला असणार म्हणतात. तीन दिवस बोटी शोधत होत्या. प्रेत मिळालं नाही.

प्रेत नाही तर मी विधवा कशी? मंगळसूत्र काढलेलं नाही.

सोमवार, २९ एप्रिल

सासूबाई आल्या करंजाहून. पिशवीत सुका जवळा आणि डोक्यात तोच विषय. बरोबर थोरले दीर, गणूभावजी. सासूबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "माझ्या पोराचा जीव तान्हेला हाय. चारी बाजूंना पाणी, पन खारा. आखितीला सगल्यांचा करा भरतान, त्याचा कोन भरील?"

अक्षय्यतृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचा घट देतात. पण ज्याचं दिवसकार्य झालेलं नाही त्याचा घट भरता येत नाही. म्हणून आधी कार्य करा. देह नाही तर दर्भाचा पुतळा करतात, तो जाळतात आणि पुढचं सगळं रीतसर. गणूभावजी भटजींना विचारूनही आले होते.

मी नाही म्हटलं. गणूभावजी म्हणाले, "वैनी, आमी काय दुश्मन हाव का तुमचे?" दुश्मन नाहीत. उलट डिसेंबरपासून हेच धावतायत. तरीही मी नाही म्हटलं आणि भाकऱ्या थापायला आत गेले.

मंगळवार, ३० एप्रिल

कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून इथे लिहिते. तो जिवंत असेल तर १२ तारखेला येणार. डोक्याला मार लागला असेल, दुसऱ्या कोणत्या बोटीने उचलून गुजरातकडे नेलं असेल – काहीही असेल. बायको विसरेल, रुद्रकला नाही विसरणार! पासावर लिहिलंय, दारावरही पास मिळतील.

आला नाही तर सासूबाईंना सांगेन, करा कार्य.

शनिवार, ४ मे

विनिताला पास सापडले. माझ्या क्लासच्या पेपरांच्या गठ्ठ्यात ठेवले होते, ती सहावीचे पेपर मोजायला बसली आणि निघाले. थोड्या वेळाने, "आपण जायचं का आई?" बाबांचा विषय तिने कधीच काढलेला नाही, रडलीही एकदाच. बारा वर्षांची आहे, पण घरात वावरते पाहुण्यासारखी, आवाज न करता.

जायचं म्हटलं.

शुक्रवार, १० मे

सासूबाईंचा फोन. मला वाटलं भांडतील. नुसतं म्हणाल्या, "किशोरी, सोमवारी आखिती हाय." आणि ठेवला.

रविवार, १२ मे

घरी येऊन दोन तास झाले. जमेल तेवढं लिहिते.

मेळावा म्हणजे लग्नाचं कार्यालय. मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं पुरती निघाली नव्हती, सेनापतीच्या डोक्यावर अर्धा 'शुभविवाह' तसाच. माणसं मात्र दोनशे तरी. बहुतेक सगळे चाळिशीचे – बँकेतले, कंपनीतले, पोट सुटलेले, डोक्यावर चंदेरी कागदाचं शिरस्त्राण. काही जण शत्रुग्रहाचे सैनिक होऊन आले होते, राखाडी मुखवटे लावून. एकाची बायको बाहेर गाडीत बसून राहिली होती, बिचारी लाजून. स्वानंद नावाचा खारघरचा एक आयटीवाला सगळी धावपळ करत होता. पासावरचं नाव बघून म्हणाला, "अरे, कल्पेशदादा! आमच्या ग्रुपवर कुठल्या भागात काय झालं ते सगळं तोंडपाठ असायचं त्यांना. हल्ली दिसत नाहीत?" मी म्हटलं, बाहेरगावी आहेत.

कुमार आजगेकर सत्तरीच्या पुढचे. हात थरथरतो. बायकोने धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं, गोळी दिली. मला वाटलं, कशाला या म्हाताऱ्या जिवाला छळतायत. पण माईक हातात आला आणि आवाज तोच! मीही लहानपणी ऐकलेला. मालिकेत प्रत्येक लढाईच्या आधी सेनापती विचारायचा तेच त्यांनी विचारलं, "यान सोडणार कोण?" आणि दोनशे बाप्ये खुर्च्या मागे सारून उभे राहिले. "कोणी नाही!"

विनिता सहीच्या रांगेत उभी राहिली. मी मागे भिंतीशी.

पुरे आता. डोकं ठणकतंय.

सोमवार, १३ मे

अक्षय्यतृतीया. सासूबाईंनी सासऱ्यांचा करा भरला. मुलाचा नाही.

मंगळवार, १४ मे

तो होता.

दोन दिवस पेन हातात घेऊन ठेवते आहे. तो होता. सैनिकाचा राखाडी मुखवटा लावून चौथ्या रांगेत. खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसला होता, बोटीवर बसतात तसा. आधी वाटलं, इथला कुठलातरी बोटीवरचाच. मग त्याने बाही सारली. कोपराखाली इंजिनाच्या नळीने भाजल्याचा डाग – तो डाग पडला तेव्हा महिनाभर मीच मलम लावलं होतं.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण नंतर मलाच खोटं वाटेल. एवढा आनंद मला विनिता झाली तेव्हाही झाला नव्हता. मी रांगेतून वाट काढत त्याच्याकडे गेले. त्याने मला पाहिलं आणि उठून चालायला लागला. जिन्यात गाठला. मुखवटा काढला त्याने. अंगाने भरलाय. गाल वर आलेत. कुठे मार नाही, कुठे काही नाही. पाच महिने मी अर्धी भाकरी खाऊन उठतेय आणि हा जाड झालाय!

"किशोरी, तू कशी काय इथं?"

"तुझ्या पासावर."

"आये कशी हाय?"

"तुझं दिवसकार्य करायचं म्हणते."

तो पायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "करू दे. तसाच ऱ्हाऊ दे सगला. मना नाय जमत होता."

"काय नाही जमत?"

"सगला. बोट, डिझेल, घर. त्या दिवशी बाजूने दुसरी बोट चालली होती. मी पानी कापत गेलो नि तिच्यावर चरलो. घरी यायचा मनातच नाय आला."

"आणि विनिता?"

त्याने हात जोडले. "आयेला नको सांगू." मुखवटा लावला आणि खाली उतरून गेला. कुठे राहतोस विचारलं नाही. कोणाबरोबर, तेही नाही. सुचलंच नाही. मी जिन्यात उभी राहिले आणि मग रांगेतून विनिताला घेऊन घरी आले. तिच्या हातात सही होती. काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही.

बुधवार, १५ मे

क्लासमध्ये दोन मुलांना मारलं. कधी मारत नाही मी.

करंजाला फोन केला. म्हटलं, करा. सासूबाई रडल्या आणि म्हणाल्या, "तुजे लई उपकार झाले, पोरी." मला उपकार म्हणतात!

कोणी ही वही वाचली तर वाटेल, सून किती समजूतदार, म्हातारीला धक्का नको म्हणून जहर पचवलं. तसलं काही नाही. मला त्याला जाळायचंय. त्याला मरायचं होतं ना? मग मर.

एक विनितासाठी मात्र खरंच. तिला कळता कामा नये. बाप दर्याने नेला, एवढंच तिला ठाऊक असू दे. टाकून गेला, हे घेऊन तिने मोठं व्हायला नको.

शुक्रवार, १७ मे

करंजा. भटजी येऊन सामान सांगून गेले. मी विचारलं, "ज्याचं कार्य केलं तो माणूस जिवंत परत आला तर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. भटजी भले माणूस. म्हणाले, तशी शास्त्रात सोय आहे. त्याचे जन्मापासूनचे संस्कार नव्याने करायचे. बारसं, मुंज, सगळं. "आणि बायको?" बायकोशीही पुन्हा लग्न लावायचं, त्याशिवाय तिच्यावर हक्क नाही.

सासूबाईंनी माझा हात धरला. "किशोरी, आता आस धरू नको." त्यांना वाटलं, मी अजून वाट बघतेय.

रविवार, १९ मे

बंदराच्या पलीकडे, किनाऱ्यावर. दर्भाचा माणूस केला, हात-पाय बांधले, नारळाचं डोकं. गणूभावजींनी अग्नी दिला. पंधरा मिनिटांत राख. मंगळसूत्र काढलं. बायका रडत होत्या, मी रडले नाही. लोक म्हणाले, पाच महिन्यांत डोळे सुकले बिचारीचे.

बिचारी! एकदा वाटलं, ओरडून सांगावं. बंदरावर सुकत घातलेल्या मासळीच्या वलांडीपर्यंत ऐकू जाईल असं. पण सासूबाई राखेशी बसून त्याचं लहानपण सांगत होत्या. त्याला पोहायला त्यांनीच शिकवलं म्हणे, कमरेला दोर बांधून.

मंगळवार, २८ मे

दहावा. पिंड ठेवला. कावळा शिवेना.

बंदरावर कावळ्यांना काय तोटा? मासळीवर शंभर बसलेले. पिंडाकडे एक येईना. गणूभावजी पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "कल्पेश, आयेला मी बगीन." नाही. "विनिताला शिकवीन, पायजे तितका." नाही. सासूबाई उठल्या. उन्हात उभ्या राहून एकेक विचारायला लागल्या, जवला खायचा ऱ्हायला काय बाला, माज्यावर राग हाय काय, मी तुला दर्यावर पाठवला म्हनून राग हाय काय. एक तास. दीड तास. मला माहीत होतं कावळा का येत नाही. मी बघत उभी राहिले. हे मी केलंय – त्याने नाही, मी.

सगळ्यांनी विनिताला पुढे केलं. लेकीचा शब्द पोचतो म्हणे. ती पिंडाजवळ वाकली, काहीतरी पुटपुटली, मागे आली. तरी नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचाच कावळा केला आणि पिंडाला टेकवला. माणूस दर्भाचा, कावळाही दर्भाचा. सासूबाई घरी येताना वाटेत दोनदा बसल्या. आता जन्मभर म्हणत राहणार, पोराचं काहीतरी राहून गेलं.

बुधवार, २९ मे

कामोठ्याला घरी परत. विनिताची वेणी घालत होते. सहज विचारलं, काल पिंडाशी काय बोललीस?

"मी कोणाला सांगणार नाही, असं बोलले. आजीलापण नाही."

मी विचारलं, काय सांगणार नाहीस? ती मागे न बघता म्हणाली, "बाबा मुखवटा काढून पाणी पीत होते तेव्हा मला दिसले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग मी सहीच्या रांगेत जाऊन उभी राहिले."