चिडाखालचा राब

३ एप्रिल
मी सरस्वती, वय पंच्याहत्तर. अक्षराशी ओळख नाही. मी सांगते, नात मेघाली लिहिते. माझं बोलणं सुधारलंस तर कान पिळीन, हेही लिही. आज ठाण्यातली खोपटची खोली सोडून टिटवाळ्याला आलो. टेकडीवर कुणा साहेबानं कधीकाळी लावलेलं चिडाचं, म्हणजे पाइनचं रान आहे, पायथ्याशी आमच्या दोन खोल्या. मेघालीची नवी नोकरी काय, तर झाडांखाली जाळ्या बांधायच्या नि पडलेली सुईसारखी पानं, त्यांना ती सुयाच म्हणते, वाळवून तोलायची. एवढं शिकून पालाच गोळा करते! आम्ही न शिकताच करायचो. वारा मात्र गोड आहे.

९ एप्रिल
मेघाली सांगते, सुया पडतात, कुजतात, त्यांचं सत्त्व मुळांतून परत वर चढतं. रान आपलंच उष्टं खाऊन जगतं. मी म्हटलं, तुझ्या आईकडेही रोज शिळंच असतं. खूप हसली.

१४ एप्रिल
अंगणात भाजीसाठी वाफा केला. आमच्या मुरबाडकडे पेरणीआधी पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मेघाली कल्याणला गेलेली, तेवढ्यात टेकडीवरून सात भारे सुया आणून राब भाजला. आल्यावर चिडली, तो झाडांचा घास होता म्हणे. मी विचारलं, झाडं काय ताट घेऊन बसली होती?

२० एप्रिल
सुया गळायच्या थांबल्या. जाळ्या रिकाम्या. सकाळी दारात कावळा मेला होता. दुपारी बघते तर पीससुद्धा नाही. नुसती काळी, भुसभुशीत माती.

२५ एप्रिल
मेघालीचे केस गळतायत. झाडायला गेले तर जमिनीवर एकही नाही. रिक्षावाला देवराम दवाखान्यात न्यायला आला. रान मागे पडलं तसे पोरीचे पाय लुळे पडले, श्वास अडकला. माघारी रानाजवळ आणली तेव्हा उभी राहिली. देवराम पळाला.

२९ एप्रिल
वाफ्यातली राख पदरातून नेऊन झाडांखाली पसरली. नाक घासलं. पण धूर— तो कुठून परत आणू?
तिची नखं गेली. दोन दात.

२ मे
मीच चिडाखाली निजलेय. पोरीला सोड, मला घे, म्हटलं. मेघाली उशाशी बसून लिहितेय. रडू नको गं.
माती मला शिवत नाही. वाळल्या काटकीत काय सत्त्व—
मेघाली, पाय वर घे.
घोटे— अगं, घोटे कुठायत तुझे—
लिहिणं सोड. हात दे, हा